सचिनची फेरारी आणि चेन्नईची बीएमडब्ल्यू: परवडणारी वेगवान गाडी सुपरकारला भिडू शकते का?

घोडबंदरी (धागाकर्ता)

एक आकडा देतो, मग भांडू.

फेरारी ३६० मॉडेना. २००२ साली सिल्व्हरस्टोनला शूमाखरच्या हातून सचिनला मिळाली तीच. ३.६ लिटरचं व्ही८ इंजिन, ४०० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत. आता बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्या. चेन्नईत जुळणी होते, चार दारं, मागे आईबाबा ऐसपैस बसतात, डिकीत मखराचं सामान मावतं. ३८७ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ४.४ सेकंद. मार्च २०२१ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ६२ लाख ९० हजार. ज्या गाडीची चित्रं आम्ही कपाटाच्या दारावर आतून चिकटवायचो, तिच्याइतकी पळणारी गाडी आज ठाण्यातल्या पातलीपाड्याच्या पोडियम पार्किंगमधून दुधाच्या पिशव्या आणायला निघते.

"वीस वर्षांचं अंतर आहे, हे काय कम्पॅरिझन?" असं येणारच. मग आजचं घ्या. एमजी सायबरस्टर जुलै २०२५ मध्ये ७४ लाख ९९ हजारांना आली. ५१० पीएस, ३.२ सेकंद. लॅम्बोर्गिनी हुराकान एलपी ६१०-४ चा कंपनीने दिलेला आकडाही ३.२ च. सध्याची टेमेरारियो आपल्याकडे ६ कोटींना आली, ९२० पीएस, २.७ सेकंद. सव्वापाच कोटी जास्त मोजून अर्धा सेकंद.

असं का होतं त्याचं गणित आठवी-नववीचं आहे. गाडीला पुढे ढकलतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. चांगल्या टायरचा घर्षणांक १ धरला तर जास्तीत जास्त त्वरण १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं, ९.८. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागिले ९.८. उत्तर २.८ सेकंद. बुलढाण्यात करा नाहीतर बोलोन्यात, उत्तर तेच. त्याच्या खाली जायचं तर टायर अधिक चिकट लागतो आणि चारही चाकं ओढणारी लागतात. म्हणजे पहिल्या शंभरापर्यंत पंच टायर असतो, इंजिन नव्हे. आणि चांगला टायर काही फक्त करोडपतींना विकत नाहीत.

बरं, तंत्रज्ञान महाग गाडीतून स्वस्त गाडीत झिरपतं हेही अर्धसत्य. ड्युअल क्लच (दोन क्लचवाला, झटक्यात गिअर बदलणारा) गिअरबॉक्स २००३ मध्ये आधी फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मध्ये आला. फेरारीने पहिल्यांदा रस्त्यावरच्या गाडीत घातला तो २००८ च्या कॅलिफोर्निया मॉडेलमध्ये. फोक्सवॅगनच्याच पोलो जीटी टीएसआयवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आणि निसान जीटी-आर विसरून चालणार नाही. २००७ ला आली, अमेरिकेत ७० हजार डॉलरच्या आत विकली गेली, आणि २००८ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर ७ मिनिटं २९ सेकंदांची फेरी मारली. पोर्शेला हे इतकं झोंबलं की त्यांनी स्वतः एक जीटी-आर विकत घेऊन पळवली आणि म्हणाले, आमच्याकडून ७:५४ च निघतात, तुमच्या टायरचं काहीतरी गौडबंगाल आहे. निसानने उलट त्यांच्या ड्रायव्हरना शिकवायची तयारी दाखवली. अशी जाहिरात पैसे टाकून मिळत नाही.

माझं म्हणणं एवढंच: वेग स्वस्त झालाय. सुपरकारचे उरलेले पैसे मग नेमके कशाचे? ब्रँड, आवाज, की खरंच काहीतरी जे आपल्याला आकड्यात दिसत नाही? ज्यांनी दोन्ही चालवल्यात किंवा उघडल्यात त्यांनी लिहा.

फुकटचा_सल्लागार

उरलेले पैसे माजिवड्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने "साहेब, केवढ्याला पडली?" असं विचारावं म्हणून. सायबरस्टरलाही विचारतो, पण लॅम्बोला मोबाइल काढून विचारतो.

(हलकेच घ्या. वाचतोय.)

सीवूड्सचा_वाटसरू

घोडबंदरी, लेख मस्त, पण तुम्ही शर्यत बरोबर तिथे थांबवलीत जिथे तुमची गाडी जिंकते.

शंभरनंतर काय? सायबरस्टरचा कमाल वेग २०० च्या आसपास. हुराकान ३२५ च्या वर जाते. वजन बघा, सायबरस्टर दोन टनांच्या घरात आणि हुराकान कोरडी (तेल-पाणी न भरता) १४२२ किलो. पहिल्या वळणाला हा फरक कंबरेला कळतो. मी हुराकान चालवलेली नाही, बाजूला बसलोय. तेवढं पुरलं. व्ही१० साडेआठ हजारांवर जातं तेव्हा मानेवरचे केस उभे राहतात. सायबरस्टरची टेस्ट ड्राइव्ह मात्र घेतली. पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा पोटात गोळा आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा म्हटलं, बरं, पुढे? त्यात करण्यासारखं काही उरत नाही हो. पाय दाबणे आणि पाय काढणे.

>>> पहिल्या शंभरापर्यंत पंच टायर असतो <<<
हे मात्र पटलं. आणखी एक पुस्ती. अमेरिकन मासिकं शून्य ते साठ मैल मोजताना सुरुवातीचा एक फूट धरतच नाहीत, ड्रॅग स्ट्रिपची जुनी पद्धत. त्यामुळे त्यांचे आकडे आपल्यापेक्षा थोडे गोड दिसतात. आकड्याला आकडा लावताना कुठल्या बाजारातला आहे ते बघावं.

सई_मिशिगन

माहेर नौपाडा, सध्या मुक्काम मिशिगन. धाग्यात माझ्या गाडीचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं.

कॉर्व्हेट सी८. २०२० मॉडेलला पहिल्यांदाच इंजिन ड्रायव्हरच्या मागे गेलं, फेरारी-लॅम्बोसारखं. ६.२ लिटर व्ही८, झेड५१ पॅकेज घेतलं तर साठ मैल २.९ सेकंदांत (हो, तो एक फूट वगळूनच). आली तेव्हा मूळ किंमत ६० हजार डॉलरच्या पाच डॉलर खाली, आता ७० हजारांच्या आसपास. इथे हा पैसा कमी नाही, पण मोठा पिकअप ट्रक घेणारा माणूसही एवढे मोजतो. आमच्या गल्लीतले निवृत्त शाळामास्तर एक बाळगून आहेत. स्वस्त गाडी सुपरकारला भिडते का, हा प्रश्न इथे कधीच जुना झाला.

आता मोठ्या बहिणीचं. झेडआर१एक्स, १२५० हॉर्सपॉवर. २०२५ मध्ये नुर्बुर्गरिंगवर ६:४९.२७५. पोर्शे ९११ जीटी३ आरएसचा २०२२ चा आकडा ६:४९.३२८. पावणेएकवीस किलोमीटरमध्ये फरक शतांश सेकंदांचा. आणि चालवणारा कुणी भाड्याने आणलेला रेसर नव्हे, कॉर्व्हेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सचाच (जीएम) इंजिनिअर. झेडआर१एक्स स्वस्त नाही हे मान्य, पण ज्या गाड्यांना ती मागे टाकते त्यांच्या मानाने आहे.

झिरपण्याबद्दल घोडबंदरींशी सहमत. मॅग्नेटिक शॉक ॲब्सॉर्बर घ्या. आतल्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात, वीज सोडली की तेल क्षणात घट्ट होतं. हे आधी २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आलं, म्हणजे आजोबा लोकांच्या सेदानमध्ये. मग कॉर्व्हेटमध्ये, आणि २००६ मध्ये फेरारी ५९९ मध्ये.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मागच्या पिढीची कॉर्व्हेट झेड०६, २०१५ ची, ६५० हॉर्सपॉवर. कागदावर सगळ्यांना खाऊन टाकणारी. उन्हाळ्यात ट्रॅकवर काही फेऱ्या मारल्या की इंजिन तापून स्वतःला वाचवायला ताकद कमी करायची. मालक कोर्टात गेले. आकडा एका फेरीचा असतो, पैसे पुढच्या फेऱ्यांचे असतात.

जाता जाता, सी८ मध्ये पुढचं नाक उचलायची सोय मिळते. स्पीडब्रेकर आला की बटण दाबायचं, गाडी जीपीएसवर ती जागा लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आपोआप नाक उचलते. अशा १००० जागा लक्षात राहतात.

फुकटचा_सल्लागार

>>> अशा १००० जागा लक्षात राहतात <<<
ताई, कापूरबावडी ते गायमुख एवढ्यातच मेमरी फुल्ल. पावसाळ्यात जागा बदलतात, त्याचं काय करता?

सई_मिशिगन

आईशप्पथ. बाबा नौपाड्यातून फोनवर विचारतात, "दोन सिटांची गाडी? आणि आम्ही आलो की?"

कर_नाही_त्याला_डर

तुमचं सगळं ऐकलं. आता सीएचं ऐका, सगळ्यांचा उत्साह उतरेल.

सईताईंची ७० हजार डॉलरची कॉर्व्हेट ठाण्यात आणू. (कंपनी इथे विकत नाही, जीएमने २०१७ अखेरीस भारतात गाड्या विकणं बंद केलं, पण हिशेबापुरतं.) डॉलर ८८ धरला. ६१ लाख ६० हजार. ४० हजार डॉलरच्या वरची तयार गाडी म्हणून सीमाशुल्क आणि कृषी अधिभार मिळून ११० टक्के. झाले १ कोटी २९ लाख. त्यावर सप्टेंबर २०२५ पासूनचा जीएसटी ४० टक्के. १ कोटी ८१ लाख. आता ठाण्याचं, मर्फीचं आरटीओ ऑफिस. आयात गाडीला महाराष्ट्रात २० टक्के रोड टॅक्स, पण कमाल मर्यादा ३० लाख (१ जुलै २०२५ पूर्वी २० होती). एकूण २ कोटी ११ लाख. वाहतूक, विमा, डीलरचं कमिशन धरलेलंच नाही.

म्हणजे मिशिगनच्या मास्तरांची गाडी ठाण्यात बिल्डरची होते.

तोच प्रकार जीटी-आरचा. डिसेंबर २०१६ ला भारतात आली तेव्हा १ कोटी ९९ लाख. "गरिबाची सुपरकार" हे बिरुद न्हावाशेवाच्या बंदरातच उतरलं. सर्व्हिसची खास सोय तेव्हा नोएडाला एकच. ठाणेकराने ऑइल बदलायला गाडी ट्रेलरवर घालून यूपीत पाठवायची.

सायबरस्टर ७५ लाखांत कशी बसते? एक तर मूळ किंमत कमी, दुसरं म्हणजे इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के. ४० आणि ५ मध्ये जो फरक आहे त्यात एक अख्खी क्रेटा येते. तेव्हा आपल्याकडे "परवडणारी परफॉर्मन्स कार" म्हणजे दोनच जाती: जी इथे जुळते (एम३४०आय) किंवा जी विजेवर चालते. बाकी सगळी यूट्यूबवर बघायची.

गंमत पुढे आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात ठरावीक कोट्यापुरता गाड्यांवरचा आयातकर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचा आहे. ब्रिटनमध्ये बनतं काय? मॅक्लारेन, ॲस्टन मार्टिन, रोल्स रॉइस. म्हणजे सवलत सुपरकारला आणि ११० टक्के कॉर्व्हेटला. स्वस्त विरुद्ध महाग या लढतीत आपलं सरकार अजाणता महागाच्या बाजूने मैदानात उतरलंय.

(सचिनच्या त्या फेरारीचा कर आठवतोय ना? साधारण १ कोटी १३ लाख. आधी माफ झाला, मग देशभर आरडाओरडा, शेवटी फियाटने भरला. तेव्हा आमच्या ऑफिसात कामधंदा सोडून दोन गट पडले होते.)

सीवूड्सचा_वाटसरू

म्हणूनच नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रविवारी सकाळी ज्या दिसतात त्यातल्या निम्म्यांवर झारखंडचं नाहीतर पाँडिचेरीचं पासिंग असतं.

कर_नाही_त्याला_डर

दिसतात खऱ्या. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. "भाच्याची आहे, रांचीहून आलाय" हे उत्तर बारा महिनेच चालतं. भाचे मात्र वर्षानुवर्षं मुक्कामाला असतात.

वृंदावनचे_आजोबा

मुलांनो, तुमचे सेकंद बघून चक्कर आली.

आपल्या गोव्यात एक सॅन स्टॉर्म नावाची दोन सिटांची उघडी गाडी बनायची, नव्वदीच्या शेवटी. फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, साठच घोडे. माझ्या मित्राने घेतली होती. ठाण्याहून निघालो की मुंब्रा बायपास नव्हताच, गावातून जायचो, आणि पोरं मागे धावायची. ताशी ऐंशीला दीडशेचा भास. तिला कोणी कोणाशी भिडवलं नाही. तुमच्या त्या टेमेरारियोत ऐंशीला झोप येत असेल.

चालू द्या.

घोडबंदरी

आजोबा, तुम्ही सहज जे लिहिलंत त्यात अर्धा धागा आला. त्यावर लिहितोच, पण आधी कोणीतरी गॅरेजवाल्याने बोलायला हवं. तुर्भ्याचे मिस्त्री आहेत का ऑनलाइन?

मिस्त्री_तुर्भे

आहे, आहे. दिवसभर हात काळे, रात्री जेवून बसलो वाचत. बरंच लिहिलंय लोकांनी, ब्रेकवर कोणीच बोललं नाही.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. एक सेदान आली, कंपनी सांगत नाही. रीमॅप केलेली (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली), टर्बो बदललेला, ताकद मूळच्या दीडपट. ब्रेक मात्र शोरूमचेच. मित्रमंडळ माळशेज उतरून आलं आणि खाली पेडल पार तळाला गेलं. नशीब मुरबाडच्या अलीकडे रस्ता सपाट होता. चाक काढलं तर पॅडची तोंडं काचेसारखी चकाकत होती, डिस्कवर निळे-जांभळे डाग. डिस्कच्या कडेला नख फिरवलं तर धार लागत होती. ब्लीडरमधून ब्रेक ऑइल काढलं, ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. मालक म्हणतो, "पॉवरला तर लाखो घातले." मी म्हटलं, "शेठ, आणि ऑइल?"

समजून घ्या. डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना कमीत कमी २३० अंशापर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे खाडीची हवा. पाणी मुरलेल्या ऑइलला तोच नियम १५५ अंशाचा. उतारावर तेवढं सहज होतं. ऑइल उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, पेडल आत जातं आणि गाडी तशीच पुढे. शून्य ते शंभरच्या रीलमध्ये हे दिसत नाही.

आता मोठ्या गाड्या. लिफ्टवर घेतली की पैसे कुठे गेले ते कळतं. खालून गाडी सपाट, पाट टाकल्यासारखी, सगळी हवा कापायला. ती काढायलाच स्क्रूंची थाळी भरते. आत बघाल तर रेडिएटर एक नाही, पुढे दोन्ही कोपऱ्यांत, बाजूला, कुठे गिअरबॉक्सच्या ऑइलला वेगळा. ब्रेकला हवा न्यायला पुढच्या बंपरपासून नळकांडी. इंजिनखाली मोठा ऑइल पॅन नसतोच, ऑइल वेगळ्या टाकीत असतं, म्हणजे लांबलचक वळणात ऑइल एका बाजूला सरकून पंप कोरडा पडत नाही. यातलं एकही घोडबंदर रोडला कामाचं नाही. पण पहिली पुरी सगळ्यांचीच टम्म फुगते, पन्नासावी फुगवायला हा सगळा खर्च असतो.

उलटंही सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या सुपरकारमध्ये पळून बिघडलेल्या कमी, उभ्या राहून बिघडलेल्या जास्त. बॅटरी डाऊन, टायर एका जागी बसून चपटे, आणि उंदीर. वायरिंग खातात. सहा कोटींची गाडी अन् उंदराने बंद पाडली, हे मी बऱ्याचदा बघितलंय.

फुकटचा_सल्लागार

उंदराला शून्य ते शंभर किती लागतात?

घोडबंदरी

मिस्त्री, दंडवत. प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

त्यांच्या ब्रेकला आकडे जोडतो. दीड टनाची गाडी ताशी शंभरवरून थांबवायची तर ब्रेकला साधारण पाच लाख ऐंशी हजार जूल उष्णता पचवावी लागते. दोनशेवरून थांबवायची तर तेवीस लाख. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. गाडी दोन टनांची असेल तर त्यावर आणखी तिसरा हिस्सा. ही उष्णता दर वळणाला येते आणि पुढच्या वळणाच्या आत हवेत सोडायची असते. आता इलेक्ट्रिकमध्ये मोटरच जनरेटर म्हणून वापरून बरीच ऊर्जा बॅटरीत परत जाते हे खरं, पण जोरात दाबलं की शेवटी पॅड आणि डिस्कच, आणि बॅटरीही तापतेच.

तरीसुद्धा मी माघार घेत नाही. शाओमीने २०२५ मध्ये एसयू७ अल्ट्रा नुर्बुर्गरिंगवर ७:०४.९५७ ला आणली. रिमाक नेव्हेरा, वीस लाख युरोंच्या आसपासची गाडी, तिचा आकडा ७:०५.२९८. शाओमी चीनमध्ये २०२५ ला ५ लाख २९ हजार ९०० युआनला आली. आपले साठ-पासष्ट लाख. आणि ही एका सरळ रेषेतली धाव नाही, सत्तरच्या वर वळणं आहेत त्यात. मोबाइल बनवणाऱ्या कंपनीने पहिल्याच गाडीत हे केलं. म्हणजे मिस्त्री ज्याला पन्नासावी पुरी म्हणतात, तीही हळूहळू स्वस्त होतेय.

आता वाटसरूंचा मुद्दा, "करण्यासारखं काही उरत नाही", आणि आजोबांची सॅन स्टॉर्म. हे दोघं एकच गोष्ट बोलतायत. होंडा एनएसएक्स आठवा, १९९०. तीन लिटरचं व्ही६, २७० च्या आसपास घोडे, सगळी बॉडी ॲल्युमिनियमची. फेरारीपेक्षा स्वस्त आणि रोज ऑफिसला नेण्यासारखी. फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाने जपानच्या सुझुका ट्रॅकवर चालवली, म्हणाला सांगाडा जरा नाजूक वाटतो, तर होंडाने तो आणखी ताठ केला. डिझायनर गॉर्डन मरेने एनएसएक्स चालवली आणि मॅक्लारेन एफ१ बनवताना राइड-हँडलिंगचा मापदंड म्हणून तीच समोर ठेवली. एफ१ म्हणजे १९९८ मध्ये ताशी ३८६ गाठलेली गाडी. एनएसएक्सचा कुठलाच आकडा तिच्या जवळपासही नाही, तरी मरेने तीच निवडली. तेव्हा "भिडते का?" याचं माझं उत्तर: वेगात भिडते, टिकण्यात भिडायला लागलीय, आणि चालवण्याच्या मजेचा किमतीशी संबंध तेव्हाही नव्हता.

सीवूड्सचा_वाटसरू

शेवटच्या वाक्याला अर्धंच अनुमोदन. मजेचा किमतीशी संबंध नाही, पण वजनाशी आहे. आणि वजन कमी करणं महाग पडतं. कार्बन फायबर फुकट येत नाही. तुमच्या स्वस्त गाड्या दिवसेंदिवस जाड होतायत.

घोडबंदरी

माझदा एमएक्स-५. एक टनाच्या जरा वर, कार्बन फायबर न वापरता. भारतात विकत नाहीत हे आपलं नशीब.

वेगमर्यादा

नेहमीप्रमाणे मी रंगाचा बेरंग करायला.

अटल सेतूवर मर्यादा १००. पुणे एक्सप्रेसवेवर १००, घाटात त्याहून कमी, आणि दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेगही मोजतात. समृद्धीवर १२०. या धाग्यातल्या बऱ्याच गाड्या १२० ला पाच-सहा सेकंदांत पोचतात. आमण्याहून नागपूर ७०१ किलोमीटर. उरलेले पावणेसहा तास काय करणार ते ठरवा.

पाम बीचवर रात्री जे चालतं त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात, तिथे मॉर्निंग वॉकला मीही जाते. ज्यांना खरंच बघायचंय की आपली गाडी कोणाला भिडते, त्यांनी ट्रॅकवर जावं. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई आहे, आपल्या तळेगावजवळ नानोलीला छोटा ट्रॅक झालाय. हेल्मेट घाला, ॲम्ब्युलन्स उभी असते, समोरून उलट्या दिशेने कोणी येत नाही.

मिस्त्री_तुर्भे

ताईंशी सहमत. ट्रॅकवर एक दिवस गाडी नेलेला गिऱ्हाईक परत येऊन पॉवर मागत नाही, टायर आणि पॅड मागतो.

खारघरची_अनु

गंभीर चर्चेत व्यवहाराचा प्रश्न. बजेट एक्स-शोरूम ५०-५५ लाख. सुपरकार स्वप्नातही नको, पण मजा हवी. समोर दोन पर्याय. गोल्फ जीटीआय, २६५ पीएस, ५.९ सेकंद, मे २०२५ मध्ये ५३ लाखांना आली. आणि बीवायडी सील परफॉर्मन्स, ५३० पीएस, ३.८ सेकंद, तीही ५३ लाखांना आलेली. ऑक्टाव्हिया आरएस ४९.९९ ला आली होती, पण १०० च गाड्या, आमच्यापर्यंत पोचेपर्यंत संपल्या. नवरा म्हणतो सील, त्याच पैशात दुप्पट घोडे. घरी रोजचं खारघर ते ऐरोली, महिन्यातून एखादेवेळी कोकण. काय घेऊ?

फुकटचा_सल्लागार

नवऱ्याला सील, तुम्हाला गोल्फ. माझं नावच सांगतं, सल्ला फुकट.

घोडबंदरी

अनु, धाग्याचा प्रश्न तुम्ही एका घरात आणलात. सायन-पनवेलला सिग्नल सुटला की सील त्याच किमतीच्या कुठल्याही गाडीला मागे टाकेल, दुप्पट-तिप्पट किमतीच्यांनाही. पण ती सव्वादोन टनांच्या जवळ आहे आणि गोल्फ दीड टनाच्या आत. कोकणात जाताना कशेडी, परशुराम घाट, मग आतले रस्ते. तिथे मी गोल्फमध्ये बसेन. रोजच्या ऐरोलीला सील स्वस्त पडेल, शांतही. माझं मत गोल्फ, कारण "मजा हवी" हे वाक्य तुमचं आहे, नवऱ्याचं वाक्य "घोडे हवेत" असं आहे.

सीवूड्सचा_वाटसरू

गोल्फ. +१.

सई_मिशिगन

मीही गोल्फ म्हणेन. पण आधी दोन्ही चालवा, एकाच दिवशी, आणि शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नको.

मिस्त्री_तुर्भे

दोन्ही चालवा हे बरोबर. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला तुम्हाला सरळ रस्त्यावर नेईल आणि "दाबा मॅडम" म्हणेल. दाबू नका. खारघरच्या टेकडीखालच्या रस्त्याला न्या, मागे नवऱ्याला बसवा, साठच्या वेगाने खड्ड्यातून काढा आणि त्याला विचारा कंबर कशी आहे. मग रस्ता रिकामा बघून ऐंशीवरून चांगला जोरात ब्रेक मारा, लगोलग चार-पाच वेळा. पाचव्या वेळी पेडल पहिल्यासारखंच लागतंय का ते पायाला कळतं.

आणि कोणतीही घेतलीत तरी ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, सर्व्हिस सेंटर "गरज नाही" म्हणालं तरी.

खारघरची_अनु

धन्यवाद सगळ्यांना. शनिवारी दोन्हीकडे वेळ घेतलीय. नवऱ्याला मागे बसायचंय हे अजून सांगितलेलं नाही.